सहामाहीवर उभी राहिलेली दहावी

अंकुशनगर (जि. जालना) : साखर कारखान्यांचा गाळप हंगाम ऐन भरात असतो, त्याच दिवसांत माध्यमिक शाळांतून दहावीचे निरोप समारंभ होतात. नववीच्या मुलांनी फळ्यावर रंगीत खडूने रेखलेली अक्षरे, वर्गणीतून आणलेले पेढे, शाळेला भेट दिलेले भिंतीवरचे घड्याळ आणि दोन वाक्ये बोलून डोळे पुसत खाली बसणारी एखादी विद्यार्थिनी, हे दृश्य मराठवाड्यातील कोणत्याही गावात फारसे वेगळे नसते. वीस-पंचवीस वर्षांनी 'दहावीची बॅच' म्हणून भरणाऱ्या मेळाव्यांतही आठवणींचा ओघ याच दुपारपाशी येऊन थांबतो. २०२१ मध्ये दहावी झालेल्या वर्गाला बहुतेक ठिकाणी अशी दुपार मिळाली नाही. निरोप नाही, बैठक क्रमांक शोधण्याची धांदल नाही, परीक्षा केंद्राबाहेर उभे राहिलेले पालक नाहीत. १६ जुलै २०२१ रोजी निकाल मात्र लागला आणि तो ९९.९५ टक्के होता.

या वर्गातील जे विद्यार्थी बारावीनंतर थेट तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला गेले, त्यांचे अंतिम वर्ष २०२५-२६ हे होय. शिक्षणाचा एक मोठा टप्पा संपत असताना मागे पाहिले, तर त्यांच्या माध्यमिक शाळेचा काळ सलग असा दिसतच नाही. आठवी दुष्काळात गेली, नववी टाळेबंदीत तुटली आणि दहावी परीक्षेविना पार पडली. 'कोरोना बॅच' म्हणून त्यांची जी थट्टा झाली, तिचा सारा रोख परीक्षा न झाल्यावर होता. प्रत्यक्षात हिरावले गेले ते निराळेच होते, आणि अंकुशनगरसारख्या ठिकाणाहून पाहिल्यास ते अधिक स्पष्ट दिसते.

अंबड तालुक्यातील महाकाळा शिवारातील अंकुशनगर ही साखर कारखान्याभोवती वाढलेली वसाहत आहे. जालन्याचे माजी खासदार अंकुशराव टोपे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव नकाशावर आले. जायकवाडीचा डावा कालवा आणि गोदाकाठ यांमुळे अंबड-घनसावंगीचा हा पट्टा उसाचा झाला. कारखान्यापाठोपाठ मत्स्योदरी शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांचे जाळेही या भागात पसरले. सहकाराच्या चळवळीत कारखाना आणि शाळा ही जोडी महाराष्ट्राला नवी नाही. नवल इतकेच, की एकाच आवारात नांदणाऱ्या या दोन्ही संस्थांची दिनदर्शिका एकमेकींच्या विरुद्ध चालते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये परीक्षेपाशी पोहोचते. कारखान्याचे वर्ष दिवाळीच्या मागेपुढे गव्हाणीत मोळी पडली की सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. म्हणजे शाळेचे द्वितीय सत्र आणि गाळपाचा हंगाम यांचे महिने जवळजवळ तेच.

ऊसतोड कामगाराच्या घरात हा मेळ बसत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि टोळी निघाली की बिऱ्हाड उचलावेच लागते. जालना जिल्ह्यातून दरवर्षी अशा टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात, आणि इथल्या फडांतही बाहेरच्या टोळ्या उतरतात. फडाजवळच्या मोकळ्या जागेत कोप्या पडतात. पाचवी-सहावीचे मूल आई-वडिलांसोबत जाते, धाकट्या भावंडाला सांभाळते. आठवीनंतरचा मुलगा मोळ्या बांधू लागतो, मुलगी चूल सांभाळू लागते. शाळेच्या हजेरीपत्रकावर नाव राहते, मूल राहत नाही. (परीक्षेतील 'कॉपी'वर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने खर्च केले, फडावरच्या कोपीतून परीक्षेला न आलेल्या मुलांवर त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले.)

या पार्श्वभूमीवर २०२१ च्या वर्गाची कहाणी पाहावी लागते. हा वर्ग आठवीत होता तेव्हा, ऑक्टोबर २०१८ मध्ये, राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि जालना जिल्ह्याचा मोठा भाग त्यात होता. पाणी आटले की ऊस आटतो, आणि ऊस आटला की स्थलांतर अधिक लांबचे होते. नववीच्या वर्षी उलट घडले. ऑक्टोबर २०१९ मध्ये अवकाळी पावसाने पिके झोडपली. राज्यात सत्तास्थापनेचा तिढा आणि राष्ट्रपती राजवट यांच्या गोंधळात गाळप परवान्यांचा निर्णयही लांबला, आणि हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू झाला. टोळ्या उशिरा हलल्या. नववीची सहामाही परीक्षा तोवर आटोपलेली होती. हा तपशील त्या वेळी कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. पुढे मात्र तो महत्त्वाचा ठरला.

मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर आधी पुढे ढकलला गेला, नंतर रद्द झाला. एप्रिलमध्ये नववी आणि अकरावीच्या द्वितीय सत्राच्या परीक्षाही रद्द करून प्रथम सत्रातील कामगिरी आणि अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल देण्याचे ठरले. त्याच सुमारास राज्यातील कारखान्यांच्या परिसरात सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड कामगार अडकून पडले होते. त्यांना गावी परतण्याची परवानगी १७ एप्रिल २०२० रोजी मिळाली. आई-वडील फडावर आणि मुले आजी-आजोबांपाशी गावात, किंवा सारे कुटुंबच कोपीत, अशा अवस्थेत नववीचे वर्ष संपले. त्या काळात दूरचित्रवाणीवरून रोज राज्याला आकडे सांगणारे आरोग्यमंत्री राजेश टोपे हे याच भागाचे, घनसावंगीचे आमदार होते. अंकुशनगरला राज्यातील रुग्णसंख्या आपल्याच माणसाच्या तोंडून कळत होती.

दहावीचे वर्ष पडद्यावर सुरू झाले. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हे घोषवाक्य होते. अभ्यासक्रमाला पंचवीस टक्के कात्री लागली. घरात एकच स्मार्टफोन आणि तोही वडिलांच्या खिशात, हे चित्र ग्रामीण भागात सार्वत्रिक होते. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग टप्प्याटप्प्याने उघडले. तोवर टोळ्या निघून गेल्या होत्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये रुग्ण वाढताच दारे पुन्हा बंद झाली. २० एप्रिल २०२१ रोजी दहावीची परीक्षा रद्द करण्याचा निर्णय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी जाहीर केला.

यानंतर मे अखेरीस मूल्यमापनाचे जे सूत्र आले, त्याची उकल त्या वेळी पुरेशी झाली नाही. शंभर गुणांपैकी ३० गुण दहावीतील अंतर्गत लेखी मूल्यमापनाला, २० गुण गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षांना आणि ५० गुण नववीच्या अंतिम निकालाला देण्यात आले. नववीच्या निकालाची मांडणी मात्र वर सांगितल्याप्रमाणे आधीच बदललेली होती. त्या वर्षी द्वितीय सत्राची परीक्षा झालीच नव्हती. तेव्हा ज्या गुणपत्रिकेवर 'मार्च २०२१' असा ठसा आहे, तिच्यातील निम्म्या गुणांचा पाया प्रामुख्याने २०१९ च्या जून ते ऑक्टोबर या महिन्यांत रचला गेला. तेव्हा विद्यार्थी चौदा वर्षांचे होते आणि विषाणूचे नावही कोणी ऐकले नव्हते. मुलांच्या भाषेत सांगायचे तर दहावीचा निम्मा निकाल नववीच्या सहामाहीने लावला.

यातील विसंगती अशी, की स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना एरवीच्या पद्धतीपेक्षा हे सूत्र अधिक अनुकूल होते. प्रथम सत्रात ती शाळेत असतात. त्यांची अनुपस्थिती सुरू होते दिवाळीनंतर, आणि मंडळाची परीक्षा होते ती त्या अनुपस्थितीच्या टोकाला. २०२१ मध्ये प्रथमच, आणि तेही अपघाताने, राज्याच्या दहावीच्या निकालात त्यांच्या उपस्थितीच्या महिन्यांना इतके वजन मिळाले. दहावीतील उरलेल्या ५० गुणांबाबत मात्र शाळांकडे दाखवण्याजोगे फारसे काही नव्हते. ऑनलाइन वर्गांची हजेरी, पोस्त झालेल्या काही स्वाध्यायपुस्तिका आणि शिक्षकांचा अंदाज, एवढ्या सामग्रीवर ते भरावे लागले. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्षभर न पाहिलेल्या मुलाला तोंडी परीक्षेचे किती गुण द्यावेत, याचे प्रामाणिक उत्तर कोणत्याही शिक्षकापाशी असणे शक्य नव्हते.

राहिला प्रश्न ९९.९५ टक्क्यांचा. सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ सगळेच उत्तीर्ण झाले, ९५७ जणांना शंभर टक्के गुण मिळाले आणि निकालाच्या दिवशी संकेतस्थळ काही तास कोलमडले. या आकड्याची यथेच्छ टिंगल झाली. परंतु दोनच वर्षे आधी, २०१९ मध्ये, दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला होता. त्या वर्षी मराठी मुले अचानक मठ्ठ झाली नव्हती; भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातील वीस गुण काढून घेण्यात आले होते. ते परत दिल्यावर २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के झाला. काय मोजायचे हे ठरवताना टक्केवारीही बरीचशी ठरून जाते, आणि हे २०२१ पूर्वीही तितकेच खरे होते.

अकरावीच्या प्रवेशासाठी सामाईक परीक्षा घेऊन गुणांचा निवाडा करण्याचा बेत होता. २१ ऑगस्ट २०२१ ही तारीखही ठरली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला ती परीक्षा रद्द केली. ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने तो निर्णय दिलासा देणारा होता, कारण विविध मंडळांच्या विद्यार्थ्यांना एकाच प्रश्नपत्रिकेवर जोखण्याचा फटका आधी कोणाला बसला असता, हे सांगण्याची गरज नाही. न झालेल्या परीक्षेच्या शुल्काचे काय, हा वादही न्यायालयापर्यंत गेला. अखेर मंडळाने दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ५९ रुपये परत करण्याचे ठरवले.

पैसे परत करता आले. अभ्यासाचे तसे झाले नाही. १ जुलै २०२१ पासून राज्यात ४५ दिवसांचा 'सेतू अभ्यासक्रम' राबवण्यात आला, तो दुसरी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी. हा वर्ग तोवर दहावीतून बाहेर पडला होता. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला देशभर राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झाले, ते तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीचे. हा वर्ग अकरावीत होता. एकाच्या उतरंडीत नाही आणि दुसऱ्याच्या यादीत नाही, अशी त्याची गत झाली. किती बुडाले याचे मोजमाप झाले नाही आणि ते भरून काढण्याची जबाबदारीही कोणावर आली नाही. पुढे 'असर'च्या २०२३ च्या अहवालाने १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुलांची पाहणी केली, तेव्हा देशातील सुमारे चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नसल्याचे आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित केवळ ४३.३ टक्के मुलांना जमत असल्याचे आढळले. त्या वेळी हा वर्ग याच वयोगटाच्या वरच्या टोकाला होता.

अकरावीचे वर्षही धड गेले नाही. प्रवेश लांबले, जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा काही दिवस बंद राहिल्या. उसाकडे पाहावे तर २०२१-२२ चा हंगाम विक्रमी होता. राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर तयार झाली आणि जालना-बीडच्या शेतांत मे महिना उजाडला तरी ऊस उभाच होता. शिल्लक उसाच्या प्रश्नाने मंत्रालय हलले. तो तोडण्यासाठी जून उजाडेपर्यंत फडात राहिलेल्या कुटुंबांतील मुलांच्या अकरावीची चर्चा त्या गदारोळात झाली नाही.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी बारावीचा इंग्रजीचा पेपर झाला. या वर्गाच्या आयुष्यातील ही पहिली मंडळ परीक्षा. दोन वर्षे कमी केलेला अभ्यासक्रम पूर्ववत झाला होता, आपल्याच शाळेतील केंद्राची सवलत गेली होती, आणि कॉपीमुक्त अभियानाची भरारी पथके रस्त्यावर होती. एवढ्या तयारीनिशी उघडलेल्या त्या पहिल्याच प्रश्नपत्रिकेत कवितेवरील प्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीच्या सूचना छापल्या गेल्या आणि मंडळाला सहा गुण द्यावे लागले. ज्या मुलांना 'फुकटचे गुण' मिळाल्याबद्दल दोन वर्षे हिणवले गेले, त्यांच्या पहिल्या खऱ्या परीक्षेची सुरुवात मंडळाच्याच चुकीने व्हावी, हा योगायोग म्हणायचा. बारावीचा निकाल ९१.२५ टक्के लागला. आदल्या वर्षी तो ९४.२२ होता. ९९.९५ आणि ९१.२५ या आकड्यांची थेट तुलना करणे योग्य नाही, कारण दहावी झालेले सगळे बारावीला पोहोचत नाहीत. आणि अंबड तालुक्यात खरा प्रश्न त्या न पोहोचलेल्यांचाच आहे.

दहावीच्या गुणांचे पुढे काय होते, असे विचारले जाते. शहरी मध्यमवर्गात बारावीनंतर ती गुणपत्रिका जन्मतारखेच्या पुराव्यापुरती उरते. खेड्यात तसे नाही. टपाल खात्यातील ग्रामीण डाक सेवकाची निवड केवळ दहावीच्या गुणांवर होते. परीक्षा नाही, मुलाखत नाही. म्हणजे गावातल्या टपाल कार्यालयातील एका स्थिर नोकरीसाठी २०१९ च्या सहामाहीचे गुण आजही बोलत आहेत, कधी या वर्गाच्या बाजूने तर कधी विरुद्ध. दुसरी वाट पोलिस भरतीची. २०२४ मध्ये राज्यात १७ हजार ४७१ पदांची भरती निघाली, आणि खेड्यापाड्यांतील रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या मुलामुलींत याच वयाची मुले होती.

या वर्गाच्या माध्यमिक शाळेच्या काळात आणखी एक हिशेब चालू होता. २०१८ मध्ये मराठा समाजाला आरक्षण देणारा कायदा झाला तेव्हा ही मुले आठवीत होती. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली तेव्हा दहावीत. ५ मे २०२१ रोजी न्यायालयाने तो रद्द ठरवला, तेव्हा त्यांची परीक्षा रद्द होऊन पंधरा दिवस झाले होते आणि निकाल लागायचा होता. बारावी होऊन पदवीचे प्रवेश सुरू असताना, २९ ऑगस्ट २०२३ रोजी, अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. १ सप्टेंबरच्या लाठीमारानंतर हे गाव देशभर पोहोचले. जून २०२४ मध्ये वडीगोद्री येथे इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या रक्षणासाठी लक्ष्मण हाके यांचे उपोषण झाले. अंतरवाली, वडीगोद्री आणि अंकुशनगर ही तिन्ही ठिकाणे अंबड तालुक्याच्या एकाच टापूतील, एकमेकांपासून काही किलोमीटरवरची. एका बाकावर बसलेली मुले दोन मांडवांत गेली, ती याच परिसरात.

सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा शाळांची जुनी प्रवेश-निर्गम रजिस्टरे कपाटांतून बाहेर काढण्यात आली. मोडी लिपी वाचणारे जाणकार शोधले गेले. नुकतेच शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या प्रवेशासाठी त्याच्या स्वतःच्या गुणपत्रिकेइतकीच, कित्येकदा तिच्याहून अधिक, पणजोबांची शाळेतील नोंद मोलाची ठरू लागली. दहावीचे गुण कसे मिळाले यावरून ज्यांची थट्टा झाली होती, त्या पिढीने हा बदल कोणत्या नजरेने पाहिला असेल, याची कल्पना करता येते. गुणांना अर्थ उरला नाही ही त्यांची तक्रार केवळ २०२१ च्या सूत्रापुरती राहिली नाही, ती इथून पुढे वाढत गेली.

स्थलांतराच्या आघाडीवर काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवून पाहण्यात आल्या. मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. परंतु शिक्षणहक्क कायद्याचे कवच सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंतच आहे, आणि या व्यवस्थांची घडणही मुख्यतः त्याच वयाभोवती झाली. नववी-दहावीत, जेव्हा मुलाचे हात कोयत्याच्या कामाचे होतात आणि मुलीच्या लग्नाची बोलणी घरात सुरू होतात, नेमके तेव्हा कायद्याचे बोट सुटते. जून २०२१ मध्ये, या वर्गाच्या निकालाच्या महिनाभर आधी, राज्य सरकारने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेला मान्यता दिली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी शंभर विद्यार्थ्यांची, असा तिचा आराखडा होता आणि त्यात जालना जिल्ह्याचाही समावेश होता. या वर्गाला तिचा उपयोग होण्याची वेळ टळून गेली होती.

परीक्षेचे वेळापत्रक त्यानंतर बदलले आहे, परंतु ते कारखान्याच्या वेळापत्रकापासून दूर गेलेले नाही. २०२४ मध्ये दहावीची परीक्षा १ मार्चला सुरू झाली होती. २०२५ मध्ये निकाल लवकर लावता यावा म्हणून ती २१ फेब्रुवारीवर आणण्यात आली, बारावीची ११ फेब्रुवारीवर. २०२६ साठी दहावीची तारीख २० फेब्रुवारी ठरली. पूर्वी हंगामाच्या उतरणीला येणारी परीक्षा अशा रीतीने आणखी आठ-दहा दिवस हंगामाच्या आत सरकली आहे, आणि त्या तारखांना अंबड-घनसावंगीच्या फडांत टोळ्या कामावर असतात.